समर कॅम्पला मेंटर होताय? एक काठी आणि एक बाटली सोबत घ्या

अस्सलामु अलैकुम, नमस्कार मंडळी!

(काठी कॅमेऱ्यासमोर धरत) ही काठी बघा. बरोबर एक फूट. आणि ही पाण्याची बाटली, पाऊण लिटरची. मे महिन्यात गावच्या दीनी, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या, समर कॅम्पला मेंटर म्हणून निघालो की या दोन वस्तू आधी बॅगेत जातात. आजचा व्हिडिओ ह्याच दोन वस्तूंवर.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रायगड-रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत सुट्टी लागली की मुंबईची पोरं आजोळी येतात. मग गावची जमात, म्हणजे गावातली मुसलमान मंडळी, दहा-पंधरा दिवसांचा कॅम्प लावते. कुराणपठण, दुआ, वुझू (नमाजच्या आधी हात-तोंड-पाय धुणं) आणि नमाजची तालीम, मधे कोकम सरबत, थोडे खेळ, जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज झाली की घरी. शिकवायला मौलाना असतात. मेंटर म्हणजे आमच्यासारखी कॉलेजची पोरं. दहा-बारा जणांचा गट आपल्या गळ्यात. हरवलेल्या चपलेपासून कोणाला दमा आहे इथपर्यंत सगळं आपल्याला माहीत हवं. आणि हो, मुलांना विहिरीवर किंवा समुद्रावर न्यायचं तर सोबत दुसरा मोठा माणूस पाहिजेच. यात तडजोड नाही.

आता बाटली. मे महिन्यात आमच्याकडे विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि मुंबईची पोरं वुझू करताना नळ पूर्ण सोडून गप्पा मारतात. ओरडून बघितलं, काही फरक नाही. मग बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांबद्दलची नोंद, सांगितली, की पैगंबर एका मुद्द पाण्यात वुझू करायचे. मुद्द हे जुनं माप, पाऊण लिटरच्या आतलंच. प्रत्येकाच्या हातात एक बाटली दिली आणि म्हटलं, करून दाखवा. पहिल्या दिवशी निम्म्या पोरांचं पाणी कोपरापर्यंत पोचायच्या आतच संपलं! पाय कोरडे. तिसऱ्या दिवशी उरलेलं पाणी कोणाचं जास्त, यावर भांडणं. ही भांडणं मी सोडवली नाहीत.

काठीची गोष्ट मात्र माझ्या चुकीतून निघाली.

पहिलंच वर्ष होतं माझं. गटात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. आई आमच्या गावची, वडील उत्तर प्रदेशातले. तालमीत त्याने हात बेंबीखाली बांधले. मी सगळ्यांसमोर बोललो, "अरे, असे नाय, वर बांध." त्याने मुकाट्याने वर बांधले. दुसऱ्या दिवशी नमाजच्या वेळी तो चपलांच्या रॅकजवळ बसून राहिला. उठेचना.

मौलानांनी मला बाजूला घेतलं. "त्याला नमाज कोणी शिकवली, विचारलंस?"

नव्हतं विचारलं. शिकवली होती त्याच्या दादांनी, म्हणजे वडिलांच्या वडिलांनी, त्याच वर्षीच्या रमजानमध्ये. म्हणजे तुझे दादा चुकले, असं मी त्या पोराला दहा जणांच्या देखत ऐकवलं होतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे दोन मजहब, म्हणजे नमाजसारख्या रीती ठरवणाऱ्या परंपरा. केरळचे मापिला, भटकळचे नवायत, तिकडे इंडोनेशिया-मलेशियातले मुसलमान, हे सगळे शाफईच. अरबी समुद्राच्या व्यापाराबरोबर हा मजहब किनाऱ्या-किनाऱ्याने पसरला. भारतातले बाकीचे बहुतेक मुसलमान हनफी. शाफई हात छातीखाली, बेंबीच्या वर बांधतात. हनफी पुरुष बेंबीखाली. दोन्ही रीती बरोबर. मला हे ऐकून माहीत होतं, पण ऐन वेळी तोंडातून गेलं ते "असे नाय". तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: तुला हे कोणी शिकवलं?

दोन-तीन दिवसांनी मौलानांनी अंगणात काठी रोवली. मेचा दुसरा आठवडा होता. श्रीवर्धनच्या पट्ट्यात त्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबारा वाजून गेले आणि काठीची सावली गायब! एक मुलगी आडवी पडून काठीच्या बुडाशी सावली शोधत होती. "भाई, हिला कोणी खाल्लं?"

त्या दिवशी मुलांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. कारण असरची, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजची, वेळ सावलीवरून ठरते. शाफई मजहबात सावली काठीएवढी झाली की असर सुरू, हनफींमध्ये दुप्पट झाल्यावर. एरवी भर दुपारी उरलेली सावली त्यातून वजा करावी लागते. दुपारी सावली शून्य असेल तर वजाबाकीची भानगडच नाही, सरळ मोजायचं. तुम्हाला करायचं असेल तर तुमच्या गावचा शून्य सावलीचा दिवस बघून घ्या. मुंबईत तो मेच्या मध्याला येतो.

पावणेचारच्या सुमाराला सावली काठीएवढी झाली. आमची पोरं ओरडली, अजान झाली, समुद्राकडे तोंड करून सफा, म्हणजे नमाजच्या रांगा, लागल्या. कोकण किनाऱ्यावर ही एक सोय आहे, किबला, म्हणजे नमाजची मक्केकडची दिशा, शोधायला ॲप लागत नाही. पश्चिमेला समुद्र, त्यातून जरासं उत्तरेकडे सरकलं की झालं.

तो मुलगा मात्र काठीजवळच. "आणि माझ्या दादांची वेळ?"

"अजून सव्वा तास," मौलाना म्हणाले.

त्याने काठीच्या मापाची सुतळी कापली आणि बसला मोजत. नमाज आटपून आमची पोरंही त्याच्याभोवती येऊन बसली. घरी जायला सांगितलं तरी कोणी हलेना. घोळ एवढाच झाला, की ती काठी होती कमरेएवढी आणि रोवली होती ओट्याजवळ. सावली लांबत लांबत पायरीवर चढली आणि मोडली. आता मोजायची कशी, यावर कडाक्याचा वाद. शेवटी त्यानेच कुठूनतरी छोटी काटकी आणली, मोकळ्या जागेत रोवली आणि सुतळी तिच्या मापाने पुन्हा कापली. पाच वाजून गेल्यावर केवढ्याने ओरडला, "झाली! डबल झाली!" आणि बाटली उचलून वुझूला पळाला.

म्हणून माझी काठी एक फुटाची. तुम्हीही एवढीच घ्या, आणि ओट्यापासून लांब रोवा.