पॅसेजचं माप

(दृश्य: बीडीडी चाळीचा लांब पॅसेज. दोन्ही बाजूंना उघडी दारं, दारांपुढे चपला, पाण्याची पिंपं.)

ही वरळीची बीडीडी चाळ. तळमजला धरून चार मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध हा असा पॅसेज, आणि त्याच्या दोन्ही हातांना समोरासमोर खोल्या. एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे अशा २०७ चाळी बांधल्या. ते खातं कधीच बंद झालं. त्याची तीन अक्षरं मात्र इथल्या माणसांच्या पत्त्यात राहिली.

या चाळी पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, मालकीचं, एक पैसा न देता. संडास आत, न्हाणीघर आत. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे बोलणार आहे त्याचा कुणी भलता अर्थ लावू नये. ज्या माणसाने रात्री दोन वाजता आजारी आईला धरून संडासापर्यंत नेलंय, त्याला जुन्या इमारतींचं प्रेम शिकवायला कुणी जाऊ नये. त्याला घर मिळालं, फार उशिरा मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

मला बोलायचंय ते या पॅसेजबद्दल.

(दृश्य: खोलीत टेप लावून मोजणी. टेपचं टोक उंबऱ्यापाशी थांबतं.)

चाळ पाडायची ठरली की मोजणीवाले येतात. खोली मोजतात, पोटमाळा लिहून घेतात, भाडेपावती, रेशनकार्ड, लाइटबिल बघतात. टेप उंबऱ्यापाशी थांबते. उंबऱ्याबाहेरची जागा कुणा एकाच्या नावावर नसते, म्हणून ती कुणालाच परत मिळत नाही.

माझं लहानपण लालबागला, लाकडी गॅलरीच्या चाळीत गेलं. गॅलरीत आम्ही अभ्यास केला, गॅलरीत पापड वाळले, उन्हाळ्यात निम्मी चाळ गॅलरीतच झोपायची. एका काकांचं मयत गॅलरीतच ठेवलं होतं, कारण खोलीत माणसं मावेनात. चाळ उतरवली तेव्हा तीन वर्षांत घर देतो असं बिल्डरने सांगितलं. अकरा वर्षं लागली. आजी ट्रान्झिट कॅम्पातल्या तात्पुरत्या घरातच वारली. शेवटी शेवटी ती विचारायची, "गॅलरी ठेवलीय ना रे नव्या बिल्डिंगीला?" आम्ही हो म्हणायचो.

(दृश्य: गावकऱ्यांची खोली. भिंतीला लागून ट्रंका, वर ग्रामदैवताचा फोटो.)

गिरणगावात एक खोली असायची, तिला नाव होतं गावकऱ्यांची खोली. रत्नागिरीतल्या, सिंधुदुर्गातल्या, साताऱ्याकडच्या एका गावातली माणसं मिळून ती भाड्याने घ्यायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, खुंटीला एक शर्ट. दिवसपाळीचा माणूस उठून गिरणीत गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण शेजारच्या खानावळीत. या खानावळी बायका चालवायच्या, आणि त्याच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गावात शाळेला पत्रे घालायचे तर वर्गणी याच खोलीत जमायची. देवळाचा जीर्णोद्धार इथेच ठरायचा, लग्नंसुद्धा जुळायची. पुनर्विकासात अशी खोली एका सदनिकेएवढी धरली जाते, आणि मग प्रश्न येतो की मालक कोण. भाडेपावतीवर एकाचं नाव, त्याला जाऊन तीस वर्षं झालेली. किती गावांचे आपसातले खटले यातून उभे राहिलेत ते मी जवळून पाहिलंय.

(दृश्य: परळ, पोयबावडी. बीआयटी चाळीचा जिना.)

ही चाळ बीडीडीच्याही आधीची. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे बीआयटी, स्थापन झाला, त्याने बांधलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस याच जिन्याने वरखाली करत होता. जवळच दामोदर हॉल. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह १९२२चं. ज्यांच्या नावाने आज डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग म्हणतात, तेच हे जोशी. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच हॉलमध्ये सभा बोलावली, आणि तिच्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली.

खोली आणि हॉल एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. खोलीत वाचायचं, हॉलमध्ये बोलायचं. ही दोन्ही कामं एका खोलीत होत नाहीत. कोकणातून आलेली दशावतारी आणि नमनाची मंडळीही याच रंगमंचावर उभी राहिली. समोर बसलेला प्रेक्षक पाळी संपवून आलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दामोदर हॉल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी साधी होती: आधी नाट्यगृहाचं काय ते सांगा.

(दृश्य: परळ-लोअर परळ, मनोऱ्यांच्या मधून दिसणारी एकटी चिमणी.)

या शहरातली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप गिरण्यांच्या मुळावर कसा आला ते इथल्या घराघरात ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते त्यानंतरचं.

गिरण्यांची जमीन जवळपास ६०० एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत, ५८व्या नियमात, तिचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. ज्या जागेवर गिरणीची शेड उभी होती ती मोकळी नाही. आणि शेड पाडली तरी ती जागा मोकळी धरायची नाही.

हे वाक्य पुन्हा ऐका. शेड पाडली, जमीन उघडी पडली, डोळ्यांना दिसतेय, तरी कागदावर ती मोकळी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ मध्ये बदल कायम राहिला. मैदानांचा आणि घरांचा वाटा आक्रसला. माझ्या मते या शहरात पाडली गेलेली सगळ्यात मोठी वास्तू तो नियम होता.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला. तिथली चिमणी ठेवलीय. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. तिच्या भोंग्यावर कुणाची पहाट व्हायची ते तिथे कुणी सांगत नाही.

वारशाची नियमावली मुंबईने देशात सगळ्यात आधी केली, १९९५ मध्ये. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण कमानीचा, घुमटाचा, दर्शनी भागाचा वारसा आपल्याला चटकन ओळखता येतो. दर्शनी भाग म्हणून वाळत घातलेली लुगडी असतील, तर नजर पुढे सरकते.

मी सगळ्या चाळी ठेवा म्हणत नाही. एवढंच म्हणतो की मोजणीत पॅसेज धरा. मजल्यामागे अमुक खोल्या पाडल्या तर मजल्यामागे अमुक फूट सगळ्यांची जागा परत द्या, पोडियमवर सजवलेली बाग नव्हे, दारासमोरची. गावकऱ्यांच्या खोलीला मंडळाच्या नावाने घर द्या. हॉल पाडला तर नवा हॉल आधी बांधा, आणि त्याचं भाडं नमनाच्या मंडळाला परवडेल असं ठेवा.

(दृश्य: नवी इमारत, वरचा मजला. पांढऱ्या फरशीचा लहानसा चौक, लिफ्टचं दार.)

नव्या इमारतीत राहायला येऊन यांना फार दिवस झाले नाहीत. लिफ्टसमोर ही एवढीच जागा. दोघी जणी चटई टाकून मेथी निवडत बसल्यात. लिफ्ट उघडली की पाय आवळून घेतात, माणूस गेला की पुन्हा पसरतात.