लकवा, पावलं आणि यंत्राचा आधार

नमस्कार श्रोतेहो.

घरातल्या कुणाला लकव्याचा झटका आला की चार दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : हे परत चालतील ना? हल्ली त्याला दुसरा प्रश्न जोडलेला असतो. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ धाडलेला असतो. पायांना सांगाडा बांधलाय, मोटारी गुडघे वाकवतायत आणि माणूस चालतोय. आपल्या बाबांना हे मिळालं तर?

लकव्यात बिघाड होतो तो मेंदूत, पायात नव्हे. रक्ताची गुठळी अडकते किंवा रक्तस्राव होतो आणि मेंदूचा एक भाग निकामी होतो. उरलेला मेंदू त्याचं काम काही प्रमाणात शिकून घेतो. पण त्यासाठी तीच हालचाल पुष्कळ वेळा करावी लागते, तीही रुग्णाने स्वतः जोर लावून. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे.

आता पुष्कळ म्हणजे किती? अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लकव्याचे रुग्ण चालण्याच्या एका सत्रात सरासरी ३५७ पावलं टाकत होते. एवढीच का, ते फिजिओथेरपीच्या खोलीत पाहिलेल्याला सांगायला नको. एकजण खाली बसून लुळा पाय उचलून पुढे ठेवतो, दुसरा कंबर धरतो आणि थोड्याच वेळात रुग्णासकट तिघंही दमतात.

ही दमछाक वाचावी म्हणून स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात, लोकोमॅट या यंत्राचं काम सुरू झालं. रुग्णाला पट्ट्यांनी वरून तोलून ट्रेडमिलवर उभं करतात आणि कंबर व गुडघ्याशी लावलेल्या मोटारी पाय हलवतात. ताशी दोन किलोमीटरने अर्धा तास चाललं की एक किलोमीटर झालं. हाताने पाय उचलून एवढं अंतर कोण चालवणार?

पण मंडळी, यंत्रच पाय ओढत असेल तर माणूस नकळत अंग सैल सोडतो. २००९ सालीच अमेरिकेत ६३ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण हळूहळू का होईना, चालू शकत होते. त्यांच्यात नेहमीची फिजिओथेरपी घेतलेल्यांचा वेग आणि अंतर लोकोमॅटवाल्यांपेक्षा जास्त सुधारलं.

जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाचे प्राध्यापक योशियुकी सांकाई यांच्या, पायांना बांधायच्या ‘हॅल’ यंत्राची रचना म्हणूनच मला मोलाची वाटते. पाय हलवायचं मनात आलं की स्नायूंकडे सूक्ष्म विद्युत संकेत जातात. हॅल ते त्वचेवरून टिपतं आणि मग मोटार जोर लावते. आधी माणसाचा प्रयत्न, मागून यंत्राची मदत.

मग यंत्राचा उपयोग नेमका कुणाला? जगभरातलं वैद्यकीय संशोधन एकत्र करून पारखणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ६२ चाचण्या आणि २,४४० रुग्ण एकत्र तपासले आहेत. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र वापरलं तर स्वतंत्रपणे चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वांत जास्त लाभ होतो तो झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आणि ज्यांना अजून मुळीच चालता येत नाही त्यांना. वडील काठी टेकत अंगणापर्यंत जात असतील, तर कर्ज काढून मोठ्या शहरात यंत्राच्या मागे धावण्याआधी डॉक्टरांशी याच मुद्द्यावर बोला.

भारतातही ही यंत्रं बनू लागली आहेत. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सने चालण्याचा सराव देणारं ‘जी-गेटर’ तयार केलं आहे. तरी तालुक्याच्या गावी असं यंत्र मिळणं आज अवघडच.

तिथल्या श्रोत्यांनी एक गोष्ट जरूर ऐकावी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ४०८ रुग्ण होते. काहींना पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर, थेरपिस्टच्या मदतीने चालवलं. काहींकडून घरीच, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेतले. दीड-दीड तासाची ३६ सत्रं, तीन-चार महिन्यांत. वर्षअखेरीस दोन्हीकडची सुधारणा सारखीच निघाली. म्हणून दवाखान्यातून घरी सोडतानाच फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या, आणि पहिले काही दिवस ते त्यांच्यासमोरच करा. खुर्चीतून उठणं-बसणं, आधार धरून तोल सांभाळणं, पायरी चढणं, यातलं आज काय झेपेल आणि पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं, ते ठरवून देतील.