पथेर पांचाली : दीड लाखाचा जमाखर्च

[पडद्यावर : काळ्या पाटीवर खडूने लिहिलेला आकडा]

७० हजार रुपये. सत्यजित राय यांनी आपल्या पहिल्या चित्रपटाच्या खर्चाचा मांडलेला हा अंदाज. एवढेही पैसे कुणी द्यायला तयार नव्हतं.

राय तेव्हा कलकत्त्यात डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत नोकरीला होते. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठी एक संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रं राय यांनी काढली. तेव्हापासून ती गोष्ट त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवलं. तिथल्या मुक्कामात त्यांनी शंभरेक चित्रपट पाहिले आणि त्यातला एक होता इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज'. स्टुडिओ नाही, नावाजलेले नट नाहीत, खरे रस्ते आणि खरी माणसं. असाही सिनेमा उभा राहतो, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

परत आल्यावर निर्मात्यांच्या दारी हेलपाटे सुरू झाले. हातात पूर्ण पटकथा नव्हती. होती ती टिपणं आणि प्रसंग रेखाटलेली चित्रं. चित्रपटात गाणी नाहीत, ओळखीचा चेहरा नाही, चित्रीकरण उघड्यावर, त्यातही पावसात. ऐकणारे कौतुक करत आणि पुढचं बोलणं टाळत. जवळपास दोन वर्षं अशी गेली.

शेवटी राय यांनी आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, मित्रांकडून आणि नातेवाइकांकडून थोडंथोडं घेतलं, आणि कामाला हात घातला.

[पडद्यावर : काशाच्या पांढऱ्या फुलांचं रान, दूरवर रेल्वेचे रूळ]

२७ ऑक्टोबर १९५२. चित्रीकरणाचा पहिला दिवस. अपू आणि दुर्गा ही भावंडं काशाच्या फुलांतून धावत जाऊन पहिल्यांदा आगगाडी पाहतात, तो प्रसंग. दिग्दर्शक नवखा. छायालेखक सुब्रत मित्र जेमतेम बावीस वर्षांचा, आणि सिने-कॅमेरा त्याने याआधी कधी चालवलेला नव्हता. राय यांची नोकरी चालूच होती, म्हणून काम फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. पुढच्या रविवारी सगळे त्याच रानात पोहोचले, तर एकही फूल शिल्लक नाही. मधल्या दिवसांत गुरांनी सगळं रान फस्त केलेलं. काश फुलतो शरदात, म्हणजे आता पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहणं आलं.

पैसे तर त्याच्याही आधी संपले. राय यांनी ग्रामोफोनच्या रेकॉर्डी विकल्या. पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. एक निर्माता पुढे आला, काही काळ त्याने खर्च उचलला, पण त्याचे स्वतःचे चित्रपट पडले आणि त्यानेही हात आखडता घेतला. काम जवळपास वर्षभर ठप्प झालं. म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणच्या भूमिकेसाठी जुन्या रंगभूमीवरच्या चुनीबाला देवी सापडल्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास. त्यांना रोजचे २० रुपये ठरले होते. बाकी बहुतेकांनी मेहनतान्याचा विषयच काढला नाही.

पैशाची चणचण पडद्यावर कशी उतरते, ते एका प्रसंगात पाहू. आई अपूला भात भरवते आहे. तो पुरता जेवत नाही. उरलेला भात ती बाहेर टाकते आणि भुलो नावाचा कुत्रा तो येऊन खातो. या प्रसंगाचा अर्धा भाग चित्रित झाला आणि पैसे संपले. सहा महिन्यांनी पैसे जमले, तोवर भुलो मेला होता. मग गावातून त्याच्यासारखाच दिसणारा, शेपटीचं टोक पांढरं असलेला दुसरा कुत्रा शोधला. आई भात टाकते तेव्हा दिसतो तो एक कुत्रा, भात खातो तो दुसरा.

मिठाईवाला चिनिवास याचीही तीच गत. डोक्यावर मिठाई घेऊन तो चालला आहे, त्याच्यामागे मुलं, मुलांच्या मागे कुत्रा. काही दृश्यं झाली, खंड पडला आणि मधल्या काळात ते काम करणारे गृहस्थ वारले. त्यांच्याच अंगलटीचा दुसरा माणूस आणून त्याला पाठमोरा घेतला. बांबूच्या बनातून बाहेर येणारा चिनिवास वेगळा आणि मुखर्जींच्या फाटकातून आत शिरणारा वेगळा. राय यांनी नंतर मुलांसाठी लिहिताना हे स्वतःच सांगून टाकलं, म्हणून आपल्याला कळलं.

[पडद्यावर : अपूचा डोळा, चादरीच्या फटीतून]

पैसा नव्हता म्हणूनच हा चित्रपट इतका सच्चा उतरला, असं फार ठिकाणी बोललं जातं. मला ते अजिबात मान्य नाही. पैसे नसल्याने काय झालं, तर लहान मुलं वाढत्या वयाची आणि एक प्रमुख अभिनेत्री ऐंशीची असताना काम वर्षभर बंद राहिलं. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि इंदिर ठाकरुण जिवंत राहिली, हे तीन चमत्कार घडले म्हणून चित्रपट पुरा झाला, असं राय स्वतः म्हणत. चमत्कारावर कुणी अंदाजपत्रक बसवत नाही. चित्रपट सच्चा झाला तो माणसांमुळे. रिकाम्या खिशाला त्याचं श्रेय देणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय आहे.

पुढे ओळखीपाळखीतून हे प्रकरण पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी मदत करायचं ठरवलं. आता सरकारी खात्यात चित्रपटाला पैसा द्यायचा तो कोणत्या सदराखाली? नावात 'पथ' आहे, तेव्हा रस्ते सुधारणेच्या नावाने तो खर्च पडला. शेवट बदलावा, कुटुंबाने गाव सोडून जाण्याऐवजी गावाच्या विकासकामात सामील व्हावं, अशीही सूचना आली होती. सत्यजित राय यांनी ती मानली नाही.

पैसा आला, पण हप्त्याहप्त्याने. आधीच्या हप्त्याचा हिशोब द्यायचा, तो मंजूर व्हायचा, मग पुढचा हप्ता. त्यामुळे सरकार पाठीशी असूनही काम सलग असं कधी झालंच नाही. तरी या निर्णयाची किंमत मी कमी लेखणार नाही. ज्या चित्रपटाला एकही व्यावसायिक निर्माता टिकून राहिला नाही, त्याच्यामागे एक राज्य सरकार उभं राहिलं. सगळं मिळून खर्च गेला दीड लाखाच्या आसपास.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे मन्रो व्हीलर कलकत्त्यात आले होते. त्यांनी छायाचित्रं पाहिली आणि चित्रपट आपल्या प्रदर्शनात दाखवण्याची तयारी दर्शवली. आता तारीख ठरली होती. संगीतकार रविशंकर यांनी चित्रपटाचा काही भागच पाहिला होता, तरी बरंचसं संगीत एका रात्रीत, पहाटेपर्यंत बसून ध्वनिमुद्रित झालं. राय आणि संकलक दुलाल दत्त यांनी शेवटचे दिवस आणि रात्री एक केल्या. ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. इंग्रजी शब्दपट्ट्यांशिवाय.

[पडद्यावर : जुन्या कलकत्त्यातली चित्रपटगृहं]

२६ ऑगस्ट १९५५. 'पथेर पांचाली' कलकत्त्यात प्रदर्शित झाला. राय जाहिरातीतले, तेव्हा फलक त्यांनी स्वतः आखले होते. बसुश्री हे मुख्य चित्रपटगृह. पहिले काही दिवस खुर्च्या रिकाम्या. मग पाहून आलेला माणूस दुसऱ्याला सांगू लागला. आठवडा-दोन आठवड्यांत खेळ भरू लागले. तिकीटखिडकीपुढे रांगा लागल्या.

आणि नेमका तेव्हाच पडदा गेला. दीडेक महिन्यानंतर बसुश्री आधीच दुसऱ्यासाठी ठरलेलं होतं. मद्रासचे बडे निर्माते एस. एस. वासन यांचा 'इन्सानियत', दिलीपकुमार आणि देव आनंद एकत्र. करार तो करार. 'पथेर पांचाली' उतरला, थोड्या दिवसांनी इंदिरा चित्रपटगृहात पुन्हा लागला आणि तिथेही कित्येक आठवडे चालला.

हे ऐकताना मराठी प्रेक्षकाला नवल वाटणार नाही. लोकांच्या तोंडून नाव पसरायला दोन आठवडे लागतात आणि तोवर खेळ सकाळी साडेनऊवर ढकलला जातो किंवा काढलाच जातो, हे आपल्याकडे आजही दर काही महिन्यांनी घडतं. कमी खर्चाच्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नसतो, त्याची जाहिरात म्हणजे पाहून आलेले लोक. त्यांना बोलायला उसंत हवी, आणि तेवढे दिवस पडदा राखून ठेवायला चित्रपटगृहाच्या मालकाची छाती हवी.

१९५५ चं राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने १९५४ मध्ये पहिल्यांदा मिळवलं, तेच हे पदक. मग १९५६ चा फ्रान्समधला कान चित्रपट महोत्सव. भारताचं दारिद्र्य परदेशात कशाला दाखवायचं, असा आक्षेप घेणारे होतेच. पंतप्रधान नेहरूंनी चित्रपट पाठवायला संमती दिली. तिथे त्याला उत्कृष्ट मानवी दस्तऐवजाचा पुरस्कार मिळाला.

१९५८ मध्ये वितरक एडवर्ड हॅरिसन यांनी तो अमेरिकेत आणला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू प्लेहाउसमध्ये तो आठ महिने चालला. आठ महिने, एकाच चित्रपटगृहात, बंगाली भाषेतला, गाणी नसलेला चित्रपट! अमेरिकेतल्या त्या पहिल्या प्रदर्शनातून नफा झाला सुमारे ५० हजार डॉलर. त्या काळच्या दराने दोन लाखांहून अधिक रुपये, म्हणजे साऱ्या चित्रपटाच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम एकट्या अमेरिकेतून परत आली.

ती गेली पश्चिम बंगाल सरकारच्या तिजोरीत. पैसा सरकारने लावला होता, तेव्हा हक्कही सरकारचे. रेकॉर्डी विकणारा, पॉलिसीवर कर्ज काढणारा माणूस या नफ्याच्या हिशोबात कुठे नव्हता. माझ्या मते त्या करारात दिग्दर्शकाचा वाटा असायला हवा होता. सरकारी पैसा जनतेचा, त्यामुळे तो परत येणं योग्यच. पण मुद्दल फिटल्यावर ज्यांनी अडीच-तीन वर्षं घरचं घालून काम केलं, त्यांच्यासाठी एक रकाना ठेवणं अवघड नव्हतं.

राय यांना मिळालं ते वेगळं. नोकरी सोडण्याचं धाडस आलं. पुढचा 'अपराजितो' त्यांनी एपिक फिल्म्स या स्वतःच्या नावाखाली काढला. म्हणजे आता नफा त्यांचा होता आणि तोटाही. १९५६ मध्ये तो कलकत्त्यात लागला. पुढच्या वर्षी व्हेनिस महोत्सवाने त्याला गोल्डन लायन हा आपला सर्वोच्च पुरस्कार दिला, पण कलकत्त्याच्या तिकीटखिडकीवर तो चालला नाही.