हप्ता माफ की हप्ता पुढे?

नमस्कार, श्रोतेहो. मुंबईतल्या एका रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवते. दिवसभर राबून आलेली माणसं माझ्या वर्गात बसतात. त्यांना इंग्रजी हवं असतं ते बँकेचं पत्र वाचायला, सोसायटीची नोटीस समजायला. म्हणून आज पैशाच्या इंग्रजीबद्दल बोलू या.

सांगायचं एकच आहे, आणि ते मी पुन्हापुन्हा सांगणार आहे. नामापाशी थांबू नका, क्रियापद धरा. लोन, इंटरेस्ट, बजेट, इन्फ्लेशन ही नामं आपल्याला येतात, मराठी बोलतानाही तीच तोंडात असतात. पण आपल्या पैशाचं पुढे काय होणार, ते सांगतं क्रियापद.

माझ्या हे नीट ध्यानात आलं 2020 साली. वर्गात एक काका होते. दिवसा परळ-लालबागला टॅक्सी चालवायची, संध्याकाळी साडेसहाला वर्गात हजर. त्यांची दोनशे पानी वही होती. पट्टीने रेघ मारलेली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, आणि कोपऱ्यावर तेलकट अंगठ्याचा डाग. मार्चअखेर सगळं बंद झालं. टॅक्सी चाळीखाली उभी, टॅक्सीवर कर्ज, आणि घरात पाच माणसं. चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. "बाई, सुटलो! तीन महिने हप्ता माफ. बँकेचा मेसेज आलाय." मलाही बरं वाटलं. मेसेज दाखवा म्हणावं, हे काही मला सुचलं नाही.

तीन महिन्यांचे सहा झाले, मुदत 31 ऑगस्टपर्यंत वाढली. सप्टेंबरात काकांचा पुन्हा फोन. आवाज पार उतरलेला. "बाई, सहा महिन्यांत मी एक रुपया नवा उचलला नाही. मग कर्ज वाढलं कसं?"

या वेळी मी तो मेसेज मागवून घेतला. मोरेटोरियम हा शब्द वर ठळक, आणि खाली एक साधं वाक्य: 'इंटरेस्ट शॅल कंटिन्यू टु अक्रू.' रिझर्व्ह बँकेच्या 27 मार्च 2020 च्या परिपत्रकातही हेच शब्द होते. मी काकांना म्हटलं, वही उघडा. त्यांनी फोनवरच वाचून दाखवलं. मोरेटोरियम, समोर लिहिलेलं 'माफी'. इंटरेस्ट, समोर 'व्याज'. अक्रू, समोरची जागा कोरी.

श्रोतेहो, सगळं त्या कोऱ्या जागेत होतं. अक्रू म्हणजे चढणं. आपल्याकडे व्याज चढतंच म्हणतात ना, तेच. मूळ लॅटिन धातूचा अर्थ वाढणं, आणि चंद्राच्या वाढत्या कोरीला म्हणतात तो क्रेसेंट शब्दही त्याच कुळातला. मोरेटोरियम म्हणजेही माफी नव्हे. त्याच्या मुळाशी आहे विलंब. हप्ता पुढे गेला होता, आणि व्याज चढत होतं.

मी त्यांना हिशेब सांगितला, तो आकडे गोल करून तुम्हालाही सांगते. तीन लाख कर्ज, वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का. पहिल्या महिन्याचे 3,000 भरले नाहीत, ते मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्याचं व्याज 3,03,000 वर, म्हणजे 3,030. असं सहा महिने. शेवटी कर्ज 3,18,456. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, डिफर म्हणजे काय? तोही शब्द आहे यात." डिफर म्हणजे पुढे ढकलणं. माफ करणं म्हणजे वेव्ह. बँकेने डिफर लिहिलं होतं, काकांनी वेव्ह वाचलं होतं.

नोव्हेंबरात आणखी एक मेसेज आला, खात्यात थोडे पैसे जमा झाल्याचा, आणि शब्द होता एक्स ग्रेशिया. दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांवर त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक केंद्र सरकारने भरून दिला होता. आपल्या हिशेबात सरळ व्याज 18,000, म्हणून फरक 456 रुपये. एक्स ग्रेशिया म्हणजे कृपा म्हणून दिलेलं, हक्क म्हणून नव्हे. काकांनी वहीत तसंच लिहिलं, 'कृपा', आणि पुढे रक्कम.

इथे मनातलं एक बोलते. रजेचा अर्ज आपण शाळेत वर्षानुवर्षं घोटून घेतो. कर्जाचं एक पत्र मुलांसमोर का ठेवत नाही? आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याने वाचायचं कुठे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचं. तेव्हाच्या लोकांना वाचनाची जागा महत्त्वाची वाटली. आज वॉर्डावॉर्डात रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका हवी, असं मला मनापासून वाटतं.

असो. पेपरातही तेच करा, क्रियापद धरा. इन्फ्लेशन ईज झालं, असं येतं. ईज म्हणजे सैल होणं, आणि सैल झाला तो भाववाढीचा दर. शंभरचा बाजार गेल्या वर्षी 106 झाला आणि यंदा दर 4 टक्क्यांवर आला, तरी पिशवीला 110 रुपये लागणारच. भाव खरोखर उतरतात त्याला शब्द वेगळा, डिफ्लेशन. आणि व्याजदराच्या बातमीत येणारे 25 बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्का, एवढं लक्षात ठेवा.

काकांनी पुढे बँकेला स्वतः पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं. 'प्लीज डू द नीडफुल' मी काढायला लावलं, कारण काय करायचं ते त्यात येतच नाही. शेवटी उरलं ते एक वाक्य, 'प्लीज स्टेट द आउटस्टँडिंग प्रिन्सिपल अँड द अक्रूड इंटरेस्ट सेपरेटली.' शिल्लक मुद्दल आणि चढलेलं व्याज वेगवेगळं नमूद करा. सेपरेटलीखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती. आठवड्याभरात उत्तर आलं, आणि त्यात दोन रकाने होते.

पुढच्या वेळी शॅल आणि मे हे दोन शब्द घेऊ. घरात बँकेचं एखादं जुनं पत्र असेल तर काढून ठेवा. नमस्कार.