मोठ्या आवाजाचा अल्बम, घरातल्या गिटारवर

नमस्कार श्रोतेहो.

'द क्युअर' या इंग्लिश बँडचा 'डिसइंटिग्रेशन' हा अल्बम मे 1989 मध्ये आला. त्याच्या वेष्टनावर एक सूचना छापली होती: हे संगीत मोठ्या आवाजात वाजवण्यासाठी मिक्स केलं आहे, तेव्हा आवाज वाढवा. नेमका हाच अल्बम मी घरी, साध्या लाकडी गिटारवर, शेजारपाजार झोपल्यावर रेकॉर्ड करतोय. बँडने स्वतः 1991 मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड'मध्ये आपली गाणी विजेच्या गिटारी बाजूला ठेवून वाजवली होती, त्यामुळे पाप लागेल अशी भीती नाही.

याला गॉथिक रॉक म्हणतात. गायक रॉबर्ट स्मिथला हा शिक्का कधीच रुचला नाही, पण काळे कपडे, पिंजारलेले केस आणि ओठांवरची फिस्कटलेली लिपस्टिक बघून लोकांनी तो मारलाच. तिशी जवळ आली याचा त्याने धसका घेतला होता, आणि त्या धसक्यातून ही गाणी आली. एकूण 12 गाणी, 70 मिनिटांहून जास्त. घाई कुठेच नाही. पहिल्याच 'प्लेनसाँग'मध्ये गायकाचा आवाज ऐकू येतो तो अडीच मिनिटं उलटून गेल्यावर!

आता ही अडीच मिनिटं एकट्या गिटारवर कशी भरायची? मूळ रेकॉर्डिंगमध्ये कीबोर्डचे थरावर थर आहेत. ते गिटारवर आणायच्या नादाला लागलात तर नुसती खरडाखरड होते. माझं मत असं, की या अल्बमचा जीव बेसमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या जाड तारांच्या गिटारमध्ये आहे. हेडफोन लावा आणि फक्त सायमन गॅलपचा बेस ऐका. 'फॅसिनेशन स्ट्रीट' तर बेसच्याच खांद्यावर उभं आहे. शिवाय स्मिथ 'बेस सिक्स' नावाचं वाद्य वाजवतो: तारा सहाच, पण गिटारपेक्षा एक सप्तक खाली. म्हणजे चाल खालच्या सुरांत दडलेली आहे. ती अंगठ्याने जाड तारांवर धरायची, वरच्या तारा जमेल तेवढ्याच छेडायच्या. सगळ्यात जाड तार ई या स्वरावरून डी वर उतरवली की खालची बाजू आणखी भरते.

आणि गाताना मूळ पट्टीचा हट्ट नको. आपला गळा जिथे मोकळा लागतो तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावायचा.

मूळ गिटारींचा तो ओलसर, थरथरता आवाज कोरस आणि फ्लँजरच्या पेडलमधून, म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांमधून येतो. कोरसचं पेडल काय करतं? त्याच सुराची एक प्रत किंचित उशिरा, किंचित हलती अशी मुळात मिसळतं, त्यामुळे दोन वाद्यं वाजल्याचा भास होतो. मग घरी खरोखरच दोनदा वाजवा ना! एक रेकॉर्डिंग डाव्या कानाला, दुसरं उजव्या. हात दोन्ही वेळा हुबेहूब तसाच पडत नाही, आणि त्या उणेअधिकातूनच थरथर येते. एकच रेकॉर्डिंग कॉपी करून दोन्हीकडे टाकलं तर मात्र काही होत नाही, आवाज फक्त वाढतो.

माइक गिटारच्या भोकासमोर ठेवू नका, आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरची बारावी धातूची पट्टी), वीतभर अंतरावर ठेवा. पंखा बंद, फ्रिज ज्या खोलीत आहे त्या खोलीचं दार बंद. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून गायलं की खोलीचा प्रतिध्वनी बराच शोषला जातो. उन्हाळ्यात या सगळ्याला गोधडीचीही जोड दिलीत तर गॉथिक दुःख आपोआप गळ्यात उतरतं.

'लव्हसाँग' सगळ्यांत सोपं. स्मिथने ते लग्नात बायकोला भेट म्हणून लिहिलं, अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि गायिका ॲडेलनेही 2011 मध्ये आपल्या अल्बममध्ये घेतलं. म्हणूनच त्याला मी अजून हात लावलेला नाही. त्यापेक्षा 'द सेम डीप वॉटर ॲज यू' करून पाहा. नऊ मिनिटांहून मोठं, मुळात मागे पावसाचा आणि गडगडाटाचा आवाज. जुलैत खिडकी किलकिली ठेवली की आपल्याकडे तो फुकट मिळतो. पत्र्यावरचा पाऊस मात्र माइकला झेपत नाही, नुसता चरचर येतो.

शेवटचं गाणं म्हणजे 'अनटायटल्ड'. त्याच्या सुरुवातीला भात्याच्या वाद्यासारखा सूर ऐकू येतो, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी तर पेटी आहेच. बाहेर काढा तिला. भात्याची धाप रेकॉर्ड होईल, ती पुसायला जाऊ नका. फक्त एक बघा: जुनी पेटी बऱ्याचदा 440 हर्ट्झच्या (सेकंदाला 440 कंपनं) प्रमाण स्वरापेक्षा थोडी वर किंवा खाली असते, आणि तिचे स्वर आयत्या वेळी हलवता येत नाहीत. तेव्हा मोबाइलवरचा ट्यूनर बंद करा, पेटीची एक पट्टी दाबून धरा आणि गिटार तिला लावून घ्या.

नमस्कार.