फरशीखालची ऊब, गच्चीवरचे ऊन आणि विक्रेत्यांचे आकडे

श्रोतेहो, नमस्कार. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो आणि मध्यरात्रीही भिंतीला हात लावला तर ती तापलेलीच लागते, त्या सोलापुरात फरशीखालून घर गरम करण्याच्या व्यवस्थेविषयी बोलणे थोडे विचित्र वाटेल. पण आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुले आज जर्मनीत, इंग्लंडमध्ये, कॅनडात नांदत आहेत. तिथे अशी घरे आढळतात, आणि त्या घरांसाठी विकल्या जाणाऱ्या जोडउपकरणांचे दावे आपल्या बाजारातल्या दाव्यांशी इतके जुळतात की एकाची पारख जमली की दुसऱ्याचीही जमते.

या व्यवस्थेत फरशीच्या पोटात नळ्यांची वेटोळी घातलेली असतात आणि त्यांतून साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी फिरत राहते. नळ्यांवरचा सिमेंटचा थर सावकाश तापतो आणि खोलीला ऊब देतो. राहत्या खोलीत फरशी २९ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही असा तिकडचा दंडक आहे, कारण त्याहून गरम फरशीवर दिवसभर वावरणे सुखाचे होत नाही. खोलीत २० अंश असतील, तर अशा फरशीच्या एका चौरस मीटरमधून फार तर शंभर वॅट उष्णता मिळते. तेव्हा ‘आमचे यंत्र बसवा, हीच फरशी दुप्पट ऊब देईल’ असे कोणी म्हणाले, तर फरशीचे तापमान त्या वेळी किती असेल, एवढेच त्याला विचारावे. उत्तर ३८ अंशांच्या आसपास येते आणि बोलणे तिथेच थांबते.

दुसरा दावा अधिक चतुर असतो. नळ्यांतल्या पाण्यात एक द्रव मिसळायचा, म्हणजे म्हणे खोली लवकर तापते आणि इंधनाचा खर्च भरपूर घटतो. इथे उष्णतेचा जमाखर्च मांडून पाहिला पाहिजे. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत २० अंश, अशा स्थितीत घराच्या भिंती, खिडक्या आणि फटी यांतून ताशी जेवढी उष्णता निसटते, तेवढीच ताशी आत घालावी लागते. पाण्यात काय मिसळले आहे याची भिंतीला खबरही नसते. द्रवामुळे पाण्याकडून नळीकडे उष्णता थोडी लवकर गेली असे मानले, तरी पुढे पाच-सहा सेंटीमीटर जाडीचा सिमेंटचा थर तापायला जे तास लागतात ते लागतातच. खर्च खरोखर कमी करायचा तर तीनच वाटा उरतात: घरातून निसटणारी उष्णता कमी करणे, नको तेव्हा आणि नको त्या खोलीत ती न देणे, किंवा तेवढीच उष्णता कमी इंधनात मिळवणे. कोणत्याही उपकरणाने आपण यांपैकी कोणत्या वाटेवर काम करतो हे सांगितले पाहिजे. जे सांगत नाही आणि नुसती टक्केवारी फेकते, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचेही असेच आहे. नळ्यांखाली तो अंथरला की उष्णता आरशासारखी वर परावर्तित होते, असे सांगितले जाते. परावर्तनाचा गुण खरा आहे, पण तो उपयोगी पडण्यासाठी पत्र्यासमोर हवेची पोकळी लागते. दोन्ही अंगांनी सिमेंटमध्ये गाडलेल्या पत्र्याला परावर्तित करायला काही उरत नाही, कारण तिथे उष्णता थेट स्पर्शाने वाहते. खाली जाणारी उष्णता अडवते ती नळ्यांखालची जाड फोमची लादी. आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली जो चंदेरी कागद लावतात, तो मात्र काम करतो. तिथे पत्रा आणि कागद यांच्यामध्ये हवा सोडलेली असते. तोच कागद गच्चीवर फरशीखाली पुरून घेतला, तर पैसे मातीत गेले.

म्हणून प्रत्येक मोठा दावा खोटाच असतो असेही समजू नये. ‘एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता’ हे वाक्य ऐकताच लबाडी वाटते, कारण साधा विजेचा हीटर एका युनिटची एकच युनिट उष्णता देतो, मग तो कितीही महाग असो. पण हीट पंप हे यंत्र उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उपसून ते आत आणते, आणि वीज फक्त त्या उपशाला लागते. आपल्या एसीचेच हे उलटे रूप. फरशीखालच्या व्यवस्थेला कोमट पाणी पुरत असल्यामुळे या पंपाची आणि तिची जोडी उत्तम जमते. दावा धीट आहे, पण जमाखर्चात बसतो.

आता आपल्या गावाकडे वळू. वीजबिल कमी करणारी, प्लगमध्ये खोचायची एक डबी बाजारात मिळते. विक्रेता एक मोटार चालू करतो, ॲम्पिअरचा काटा दाखवतो, डबी जोडतो, आणि काटा खरोखर खाली येतो. इथे हातचलाखी नाही. मोटारीला आपले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी जादा प्रवाह लागतो, जो तारेतून नुसता ये-जा करतो. डबीतला कॅपॅसिटर तो जागेवरच पुरवतो, म्हणून काटा उतरतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवणाऱ्यांना हे नवे नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रवाहातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, सुधारण्यासाठी कारखान्यांत कॅपॅसिटरचे पॅनल बसवलेले असतात आणि मोठ्या औद्योगिक ग्राहकांना त्याचा बिलात फायदाही होतो. घरगुती मीटर मात्र प्रत्यक्ष खर्च झालेली वीज मोजतो, आणि ती डबीमुळे बदलत नाही. कारखान्यात खरा असलेला गुण घराच्या प्लगमध्ये आणून विकला की तो फसवा होतो, आणि शिकलेली माणसेही फसतात ती याच जागी.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला, म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की, तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातले सगळे बंद करून ७५ वॅटचा एकच पंखा पूर्ण वेगाने सुरू ठेवला, तर दिवा दर १५ सेकंदांनी लुकलुकेल. आता डबी खोचा आणि घड्याळ लावून पुन्हा मोजा. अंतर १५ सेकंदच राहील. त्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या कमी विजेच्या मोटारीचा, पंखा लावलात, तर हेच अंतर ३७-३८ सेकंदांवर जाईल. निम्म्याहून कमी विजेचा त्या पंख्याचा दावा अशा रीतीने पाच मिनिटांत सिद्ध होतो.

टेबलावर ठेवायचा, ‘संपूर्ण खोली गार करणारा’ छोटा कूलर घ्या. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता शोषली जाते, त्यापलीकडे कूलरजवळ कोणतीही जादू नसते. त्याच्या टाकीत अर्धा लिटर पाणी मावते आणि ते चार तास पुरते असे धरले, तर तो जेमतेम ८५ वॅटइतकी उष्णता काढतो. स्वस्थ बसलेला माणूस खोलीत साधारण १०० वॅट उष्णता सोडत असतो. म्हणजे समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचीच उष्णता त्याला आवरत नाही! याउलट मे महिन्याच्या दुपारी तासाला पाच लिटर पाणी पिणारा आपला खिडकीचा मोठा कूलर सुमारे एक टनाच्या एसीइतकी उष्णता शोषतो. त्यातली बरीचशी बाहेरून ओढलेली झळ गार करण्यातच जाते हे खरे, तरी सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो. मृगाचा पाऊस झाला आणि हवा दमट झाली, की तोच कूलर कपडे ओलसर करण्यापलीकडे काही करत नाही.

गच्चीच्या पांढऱ्या रंगाबाबत मी थोडा सावध आहे. भर दुपारी दहा बाय दहाच्या खोलीच्या छतावर सुमारे नऊ किलोवॅट ऊन पडते. त्यातला मोठा भाग पांढरा रंग परत पाठवतो, हे निःसंशय. पण डब्यावर छापलेले ‘१० ते १५ अंश कमी’ हे छताच्या पृष्ठभागाचे तापमान असते. खोलीतल्या हवेत पडणारा फरक त्याहून बराच कमी असतो, आणि तोही फक्त वरच्या मजल्यावर. शिवाय आपल्याकडची धूळ बसली की पांढरेपणा उतरतो, तेव्हा गच्ची धुवावी लागते. जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर दुपारची उष्णता रात्रीपर्यंत लांबवत असे, तसे हा रंग करत नाही. तो ती मुळात आत येऊ देत नाही. म्हणून आकडा दाखवला, की थर्मामीटर कुठे लावला होता हे विचारावे.

‘आधी आणि नंतर’च्या पुराव्याविषयीही बोलले पाहिजे. माणूस उपाय शोधू लागतो तो मे महिन्याचे बिल हातात पडल्यावर. उपकरण बसते जूनमध्ये, तोवर पाऊस येतो, एसी बंद होतो आणि जुलैचे बिल निम्म्यावर येते. युरोपात हाच प्रकार जानेवारीत बसवून मार्चचे बिल दाखवण्याचा असतो. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. दोन सारख्या खोल्यांपैकी एकीत उपकरण ठेवून, दोन्हींत एकाच वेळी मोजमाप केले तर त्याहून उत्तम. एसीच्या बाबतीत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन असते, ते ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीवर दिलेले असते, म्हणून दोन यंत्रांची तुलना तरी करता येते. प्लगच्या डबीवर असे काही नसते, ‘जर्मन तंत्रज्ञान’ एवढेच असते.

उपकरण घेऊन झाले असेल आणि दावा फोल ठरला असेल, तर पावती आणि जाहिरात जपून ठेवावी. जाहिरात मोबाइलवर आली असेल तर तिचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण ती नंतर सापडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल झाली पाहिजे, आणि सोबत मीटरवरची ती सेकंदांची नोंद तारखेसह लिहून जोडता आली, तर आयोगासमोर तुमचे म्हणणे मांडणे सोपे जाईल.