चुंबावांबा खरंच विकले गेले का?

नमस्कार श्रोतेहो.

तळघरात, गल्लीत वाढलेल्या बँडच्या पाठीमागे मोठ्या कंपनीचा फलक लागला, की 'विकले गेले' असं पहिल्यांदा म्हणतात ते त्यांचे जुने चाहतेच. हा आरोप पुरता झेललेल्या एका बँडबद्दल आज बोलायचंय. त्याचं नाव चुंबावांबा.

1982 साली इंग्लंडमधल्या बर्न्लीत जमलेली ही अराजकतावादी मंडळी पुढे लीड्सला एका पडीक घरात एकत्र राहू लागली. खाणकामगारांचा संप झाला तेव्हा ती कामगारांच्या बाजूने उभी राहिली. 1989 मध्ये ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीला शिव्या घालणारा एक गीतसंग्रह निघाला, त्यातही त्यांचं गाणं होतं. आणि 1997 मध्ये त्यांनी त्याच ईएमआयशी करार केला! त्यांचं 'टबथंपिंग' हे गाणं जगभर वाजलं. इकडे त्यांच्याच वर्तुळातल्या काही बँडनी एकत्र येऊन त्यांना ढोंगी म्हणणारी रेकॉर्ड काढली. तो राग मला समजतो. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून गायलो, ते पलीकडच्या गोटात दिसले की जिव्हारी लागतंच.

पण करारानंतर ही मंडळी कशी वागली, तेही बघायला हवं. फेब्रुवारी 1998 मध्ये लंडनला ब्रिट या संगीत पुरस्कारांचा झगमगता सोहळा होता. ब्रिटनचे तेव्हाचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट पाहुण्यांत बसले होते. बँडमधला डॅनबर्ट नोबेकन थेट त्यांच्या टेबलाशी गेला आणि त्याने बर्फाच्या पाण्याची बादली त्यांच्यावर रिकामी केली. लिव्हरपूलच्या गोदी कामगारांना मजूर पक्षाच्या सरकारने वाऱ्यावर सोडलं, हा त्याचा संताप होता. रेकॉर्ड कंपनीच्या जिवावर मिळालेल्या जागेचा असा वापर करायला छाती लागते.

त्याच सुमाराला नायकेने जाहिरातीसाठी 15 लाख डॉलर देऊ केले. त्यांनी साफ नकार दिला. 2002 मध्ये जनरल मोटर्सला पॉन्टियॅक गाडीच्या जाहिरातीसाठी त्यांचं गाणं हवं होतं. ते मात्र त्यांनी दिलं, आणि आलेले पैसे इंडिमीडिया आणि कॉर्पवॉच या गटांना देऊन टाकले, जनरल मोटर्सच्याच विरोधात मोहीम चालवायला! खाल्ल्या मिठाला जागायचं त्यांनी चक्क नाकारलं. माझ्या लेखी हे लोक मिंधे झाले नाहीत. अर्थात, गाडी खपवायला त्यांचं गाणं वापरलं गेलं ते गेलंच. हिशेबाची ती बाजू पैसे वाटून पुसली जात नाही.

हे आपल्यापासून फार दूरचं नाही. आपल्याकडे टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करता येत नाही, म्हणून या कंपन्यांचा पैसा संगीताकडे वळतो. पुण्यात 2010 मध्ये सुरू झालेल्या एनएचसेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवाच्या नावापुढे बकार्डी हे दारूच्या ब्रँडचं नाव वर्षानुवर्षं होतं. अशा मंचावर आपल्या पोरांना उत्तम ध्वनियंत्रणा मिळते, मानधन मिळतं, हजारोंचा समुदाय समोर असतो. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पैशाविना हॉलचं भाडं कोण भरणार?

पण मित्रांनो, करारावर सही करण्याआधी एक कलम शोधा. प्रायोजकाला कमीपणा येईल असं मंचावरून बोलायचं नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यात अनेकदा असतं. ते खोडून मागा. खोडायला ते तयार नसतील, तर आपल्या कोणत्या गाण्यांवर गदा येणार आहे ते बँडमधल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, आणि मगच सही करा.

नमस्कार.